पुसलेला हात

सोमवार, ३ मार्च

आज दिवसभर दोर पुसला. पडद्यावर नायक सातव्या मजल्यावरून उडी मारतो. त्याच्या कमरेला बांधलेला दोर एकेका चित्रातून खोडायचा आणि तिथे मागचं आभाळ भरायचं. बारा-तेरा वर्षं हेच चाललंय. ऑफिसात मला खोडरबर म्हणतात. आधी राग यायचा, आता कुणी हाक मारली की मान आपोआप वळते.

संध्याकाळी कॅमेरावाली भेटली. आम्ही एकाच वर्गात सिनेमा शिकलो. मी दोर खोडायला लागलो, ती लोकांच्या लग्नाचे व्हिडिओ काढायला लागली आणि आपला सिनेमा करायचा तो दोघांचाही राहूनच गेला. आज तिनेच विषय काढला.

"तुझ्या मागच्या सिनेमातल्या उड्या बघून आले," म्हणाली. "आभाळ छान भरलंयस. उडी मारणारा माणूस कोण होता ते मात्र घरी येईपर्यंत विसरले."

झोंबलं. कारण मलाही तो आठवत नव्हता.

मग चहाच्या टपरीपाशी उभ्या उभ्याच नियम ठरले. बाहेरून एकही वस्तू आणायची नाही, घरात जे असेल ते, जिथे असेल तिथे. दिवे लावायचे नाहीत, खिडकीतून येईल तेवढाच उजेड. रंगरंगोटी नाही, पार्श्वसंगीत नाही, कॅमेरा हातात. संवाद पाठ करायचे नाहीत, प्रसंग सांगायचा आणि बोलणाऱ्याने आपल्या शब्दांत बोलायचं. शेवटचा नियम मी घातला. एकदा टिपलेल्या चित्रात नंतर काही घालायचं नाही आणि त्यातून काही काढायचं नाही.

"हा तुला जड जाईल," ती म्हणाली.

"म्हणूनच."

फार दिवसांनी अंगात काहीतरी हललं. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "आणि सुट्ट्या कुठून आणणार?" तो विचार अजून केलेला नाही.

रविवार, ९ मार्च

ताईकडे जाऊन आलो.

गोष्ट एवढीशी आहे. एका बाईचा नवरा अंथरुणाला खिळलेला. एक दिवस ती बॅग भरते आणि आपण का चाललोय ते त्याला सांगते. एक घर, दोन माणसं. बाकी काही नाही.

असं घर मला शोधावं लागलं नाही आणि त्याचीच जरा लाज वाटतेय. दोन वर्षांपूर्वी भाऊजींना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तरणतलावावर मुलांना पोहायला शिकवायचे ते, काठावरून दिलेली हाक बाहेर रस्त्यावर ऐकू यायची. आता त्यांच्याकडे एकच शब्द उरलाय, "बरं". भूक लागली तरी बरं, दुखलं तरी बरं. डॉक्टर म्हणाले होते, आत किती पोचतं ते सांगता येत नाही. सुरुवातीला सगळे त्यांच्याशी बोलायचे. हळूहळू त्यांच्यासमोर, पण आपापसांत बोलायला लागले. मीही त्यातलाच.

ताई लग्नाआधी नाटकात काम करायची. पहिल्या बाळंतपणानंतर जे सुटलं ते सुटलंच. मुलं आता शिकायला परगावी आहेत. आज विचारायला गेलो तेव्हा ती चादरींच्या घड्या घालत होती. मी आधीच सांगून टाकलं, "गोष्ट तुमची नाही हं ताई. नुसतं घर तुमचं."

"गोष्ट कुणाची का असेना. मला काम देतोयस ना?" घडी अर्धवट ठेवून ती म्हणाली. ताईचा चेहरा असा उजळलेला मी किती वर्षांनी पाहिला.

"आणि भाऊजी?"

"मला काय विचारतोस, त्यांनाच विचार की."

पलंगाशी जाऊन वाकलो. "भाऊजी, आमच्या सिनेमात काम कराल? काही करायचं नाही, नुसतं पडून राहायचं."

ते बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "बरं."

आम्ही दोघंही हसलो. परवानगी मिळाली.

शनिवार, २२ मार्च

पहिला दिवस. ऑफिसात पाठ धरलीय म्हणून सांगितलं. खोटं बोललो ते बोललोच, वर साहेबांनी शेक घ्या, जपा म्हणून दोनदा सांगितलं, त्यामुळे जास्तच टोचलं.

माणसं चारच. ताई, भाऊजी, कॅमेरावाली आणि मी. आवाज टिपायचं यंत्र माझ्याच खांद्याला. सकाळचा उजेड सरळ पलंगावर येतो, पण भाऊजींचा चेहरा सावलीत राहत होता, म्हणून मी त्यांची उशी चार बोटं उजवीकडे सरकवली. दोन तास तसंच काम चाललं. मग ताईच्या लक्षात आलं.

"अरे धाकट्या, उशी डावीकडे लागते त्यांना. नाहीतर मान आखडते."

लगेच परत ठेवली. पण दिवसभर मन खात राहिलं. वस्तू जागची हलवायची नाही हा माझाच नियम आणि पहिल्याच दिवशी तो मीच मोडला.

रविवार, २३ मार्च

कालचं सगळं टाकून दिलं, उशी सरकवलेली होती म्हणून. पुन्हा पहिल्यापासून. कॅमेरावाली वैतागली. ताई म्हणाली, "चालेल, मला पुन्हा करायला आवडेल." भाऊजींना काय वाटलं ते कळायला मार्ग नाही.

शनिवार, ५ एप्रिल

आज मुख्य प्रसंग झाला.

ताई खिडकीकडे तोंड करून खुर्चीवरच्या बॅगेत कपडे भरते. पलंग तिच्या पाठीमागे, खिडकीपाशी धरलेल्या कॅमेऱ्यातून त्याचं फक्त पायाकडचं टोक दिसतं. बाजूला कपाटाच्या दाराची आरशाची काच आहे. बॅग भरता भरता ती नवऱ्याशी बोलते. मागे वळून बघत नाही. मी तिला एवढंच सांगितलं होतं.

पहिल्या तीन वेळा ठीक झालं. नाटकातल्यासारखं, शब्द नीट जागच्या जागी. चौथ्या वेळी मी "ॲक्शन" म्हटल्यावर ती आधी नुसतीच कपडे भरत राहिली. मग अगदी रोजच्या आवाजात, जणू वाण्याकडून काय आणायचं ते सांगतेय, तशी सुरू झाली.

"तुम्ही पडलात त्या दिवशी मी बाहेर निघाले होते. चपला पायात होत्या. त्या अजून काढल्याच नाहीत असं वाटतं मला. लोक म्हणतात, आजारपणाचा कंटाळा येणारच. आजारपणाचा नाही, मला तुमचा कंटाळा आलाय. तुम्ही कण्हता तेव्हा मी मुद्दाम नळ मोठा सोडते. कुणी विचारलं कसे आहेत, की मी म्हणते छान आहेत, आणि मनात म्हणते किती दिवस. मी वाईट बाई असेन तर असेन. मला एकदा हे दार ओढून घ्यायचंय आणि मागे कोण आहे ते विसरायचंय."

एक साडी बॅगेत होती, ती तिने बाहेर काढली, पुन्हा घडी घातली, पुन्हा आत ठेवली. हे मी सांगितलेलं नव्हतं.

मला "कट" म्हणायचं सुचलंच नाही, ते शेवटी कॅमेरावालीने म्हटलं. ताईने पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "झालं ना? त्यांची गोळ्यांची वेळ झालीय."

भाऊजींनी गोळी घेतली नाही. ओठ घट्ट मिटून घेतले. ताई म्हणाली, कधी कधी करतात असं.

असा अभिनय मी जन्मात पाहिलेला नाही. नियमांनी हे दिलं. दिवे, संगीत, पाठ केलेली वाक्यं असती तर हे आलं असतं का? इतक्या वर्षांनी मी काहीतरी खरं टिपलं.

सोमवार, ७ एप्रिल

तो प्रसंग बायकोला दाखवला. ती मध्येच उठली आणि पुढे बघितलं नाही.

"ताई ठीक आहेत ना?" तिने विचारलं.

"अभिनय आहे गं तो."

"हो का," म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

सोमवार, २१ एप्रिल

लिहू की नको असं झालंय. पण इथे तरी लिहायलाच हवं.

संकलन जवळजवळ झालं. घोळ फक्त मुख्य प्रसंगात आहे. कपाटाच्या काचेत पलंगाची डोक्याकडची बाजू दिसते, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं नव्हतं. ताई "मला तुमचा कंटाळा आलाय" म्हणते तिथे काचेत भाऊजी हलतात. मान वळवून एक बाजू उशीत खुपसतात, मग डावा हात कसाबसा वर नेतात आणि डोक्याच्या दुसऱ्या बाजूला तळवा दाबून धरतात. ताईचं बोलणं संपेपर्यंत तो हात तिथेच. खाज सुटली असेल, नाहीतर उजेड लागत असेल डोळ्यांना. पण एकदा तो हात दिसला की डोळा तिकडेच जातो आणि ताईचा चेहरा हातातून निसटतो.

दुसऱ्या वेळचं घेऊन बघितलं, तिसऱ्या वेळचं बघितलं. चौथ्याची सर कशालाच नाही. जवळचं चित्र नाही, दुसरा कोन नाही, आमच्याकडे एकच कॅमेरा.

शेवटी पुसलं. सुरुवातीला भाऊजी शांत पडलेले आहेत, तेवढा तुकडा उचलला आणि पुढे काचेवर बसवला. या कामात माझा हात कुणी धरणार नाही, अर्ध्या दिवसात झालं. आता काचेत भाऊजी शेवटपर्यंत शांत झोपलेले दिसतात आणि ताई जीव तोडून बोलते. प्रसंग दुप्पट भारी झालाय.

शेवटचा नियम मीच घातला होता आणि मीच मोडला. कॅमेरावालीला सांगितलेलं नाही. जेवण गेलं नाही. एवढं साधं व्रत मला पाळता आलं नाही याची मनापासून शरम वाटते.

शुक्रवार, २ मे

महोत्सवाला सिनेमा पाठवला होता, त्याची निवड झाली. छोटाच महोत्सव आहे, पण असेच सिनेमे घेतो, उसनी चमकधमक नसलेले. तिथल्या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, बॅगेचा प्रसंग आम्ही लगेच पुन्हा लावून बघितला. मग विचारलं, "चित्रात नंतर काही बदल केलेला नाही ना? आम्हाला विचारावं लागतं."

"नाही," मी म्हणालो. जीभ जराही अडखळली नाही.

ताईला फोन केला. ती हसली, मग रडली, मग म्हणाली, "मी तिथे काय नेसू?" तिच्या आनंदावर माझ्या खोटेपणाचं सावट नको म्हणून मी जास्त वेळ बोललो नाही.

बुधवार, १४ मे

भाऊजींना सगळं कळतं.

ताईचं नाव छापलेलं महोत्सवाचं पत्रक द्यायला दुपारी गेलो होतो. दवाखान्यातून वाचा-उपचार करणारी एक नवी बाई येऊ लागलीय, ती पलंगाशेजारी बसली होती. तिने चित्रं मांडली, पेला, कंगवा, किल्ली, छत्री. "कुलूप उघडायचं असेल तर काय लागतं?" भाऊजींनी डाव्या हाताचं बोट किल्लीवर ठेवलं. एकदाही चुकले नाहीत. मग तिने दोन कार्डं दिली, एकावर 'हो', एकावर 'नाही'.

"तुम्ही पोहायला शिकवायचात?" हो.

"हे तुमचे थोरले भाऊ का?" माझ्याकडे बोट करून तिने विचारलं. नाही. आणि भाऊजी हसले. ओठांची एकच बाजू हसली, पण हसले.

जाताना ती मला दारात म्हणाली, "बोलणं गेलंय त्यांचं, ऐकणं नाही. घरच्यांनी जवळपास सगळं कळतं असंच धरून चालायला हवं. त्यांच्यासमोर बोलताना भान ठेवा."

मी पत्रक ताईच्या हातात न देताच घरी आलो. दार लावून मूळ चित्रण काढलं, न पुसलेलं. एकदाच बघितलं, पुढे बघवलं नाही.

त्यांच्याकडे एकच हात आहे. एका कानावर तो ठेवला. दुसरा कान झाकायला हात नव्हता, म्हणून तो उशीत दाबला.

खाज सुटली असेल, असं मी इथेच, याच वहीत लिहिलंय.

गुरुवार, १५ मे

कॅमेरावालीला सगळं सांगितलं. हात पुसला तेही. मला वाटलं ती भडकेल. तिने कप खाली ठेवला.

"पुसलास? लग्नसराईत तयार सिनेमा बघायलाच मिळाला नाही मला. मी तर तो दिसावा म्हणून चौकट जराशी कपाटाकडे नेली होती. मला वाटलं, तुला दिसलंय. म्हणून तर तू चौथी वेळ निवडलीस."

"मला दिसलंच नाही. नंतर दिसलं तर कळलं नाही."

"नियम मोडला म्हणून रडतोयस का?"

"नाही. म्हणजे, कालपर्यंत हो."

तिने चष्मा काढून पुसला. "माझंही ऐक. तो माणूस कान झाकतोय हे मला तिथल्या तिथे दिसत होतं. मी कॅमेरा खाली ठेवला नाही. छान मिळतंय, एवढंच आलं डोक्यात. तेव्हा सगळं स्वतःवर घेऊन मोठा होऊ नकोस. मीही आहे त्यात."

चहा थंड झाला, दुसरा मागवला, तोही थंड झाला.

रविवार, १८ मे

ताईला मूळ प्रसंग दाखवला. स्वयंपाकघरात, दार लोटून. काचेकडे बघ, एवढंच म्हणालो.

संपल्यावर ती म्हणाली, "परत लाव." दुसऱ्यांदा तिने स्वतःकडे बघितलंच नाही, फक्त काचेकडे बघत होती.

"ताई, त्यांना कळत होतं गं. आपल्याला कुणालाच..."

"मला माहीत होतं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"रोज अंघोळ घालते मी त्यांना. पाणी कडक आहे का विचारलं की हात आखडून घेतात. मला नाही कळणार?" ती टेबलावरचा डाग नखाने खरवडत होती. "दोन वर्षं हे घशात अडकलं होतं. तू ॲक्शन म्हणालास. कुणी तसं म्हटलं की ते आपलं बोलणं राहत नाही ना. सिनेमातल्या बाईचं होतं. मला वाटलं, तिच्या नावावर खपून जाईल." मग थांबून म्हणाली, "त्यांनी कान झाकले हे नव्हतं माहीत. पाठ होती माझी."

मी म्हणालो, "आता तरी त्यांना विचारू." लॅपटॉप घेऊन आत गेलो. ताई दारातच उभी राहिली. सगळा सिनेमा भाऊजींना दाखवला, मूळ काचेसकट. त्यांनी कुठेही तोंड फिरवलं नाही. मग दोन्ही कार्डं त्यांच्या हाताजवळ ठेवली.

"भाऊजी, हा लोकांना दाखवू का?"

बोट 'नाही'वर गेलं. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा नाही.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "मी तुम्हाला विचारल्यासारखं केलं, विचारलं नाही."

"बरं," ते म्हणाले. त्या बरंचा अर्थ मला लागला नाही. कार्डं पुढे करून विचारायचा धीरही झाला नाही.

सोमवार, १९ मे

महोत्सवाच्या बाईंना फोन करून सिनेमा काढून घेतला. काचेतला हात पुसल्याचंही सांगितलं. त्या म्हणाल्या, "एवढीशी काच. कुणाला कळलं नसतं." मग म्हणाल्या, "तुमच्या ताईंचं काम मात्र वाया जातंय हो."

फोन ठेवल्यावर छातीवरची धोंड उतरल्यासारखं वाटलं. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

रविवार, २५ मे

धोंड कुठली उतरतेय.

सिनेमा काढून घेतला हे ताईला आज सांगितलं. मला वाटलं, ती म्हणेल बरं केलंस. ती भाजी चिरत होती. सुरी बाजूला ठेवली.

"मला न विचारता?"

"भाऊजी नाही म्हणाले ना. तुझ्यासमोरच."

"ते नाही म्हणाले, बरोबर. मीही कदाचित नाहीच म्हटलं असतं. पण मला विचारलंस?" आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं वाटलं असतं. "सिनेमा करताना तुझ्या गोष्टीत मी बसत होते म्हणून आलास. आता तुझ्या मनाला टोचणी लागली म्हणून काढून घेतलास. घेताना तुझं काम, परत करताना तुझं पाप. यात मी कुठे आहे रे? वीस वर्षांनी एक काम केलं मी. ते चांगलं झालं होतं. एवढं तरी माझ्यासमोर येऊन म्हणायचं होतंस, की ताई, हे जातंय."

मी मान खाली घातली. ती म्हणाली, "मान खाली घालू नकोस, त्याचाही कंटाळा आलाय. घरी जा आता."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "त्या प्रसंगात ताई जे बोलल्या, ते खरं आहे का, हे कुणी विचारलं का त्यांना?"

नाही. मी चार वेळा चित्रित केलं, दोन आठवडे कापलं-जोडलं, एकेक शब्द पाठ आहे. विचारलं नाही.

रविवार, १ जून

ताईकडे रिकाम्या हाताने गेलो. ना लॅपटॉप, ना वही. भाऊजी झोपले होते. ती ओट्याशी उभी होती. मी स्टुलावर बसलो.

"ताई, तुला खरंच जायचंय का?"

ती वळली नाही. "आता विचारतोयस?"

"हो. उशीर झालाय, माहीत आहे."

पातेलं विसळून तिने पालथं घातलं, मग पुन्हा सरळ केलं.

"मला झोपायचंय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे झोपायचंय. दोन वर्षांत सलग झोप नाही झाली. ते कण्हले की उठते, कण्हले नाहीत की का कण्हले नाहीत म्हणून उठते. जायचं-बियचं कुठे असतं रे. दार ओढून घेतलं आणि पुढे काय, याचा मी कधी विचारच केला नाही. दाराच्या पलीकडे मला नुसता पलंग दिसतो. रिकामा, स्वच्छ चादरीचा." आणि मग ती हसायला लागली, ओट्याला धरून. "सिनेमातल्या बाईने असं म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, हे काय, एवढंच होय?"

मीही हसलो. मग हसवेना.

"पुढचा आठवडा तू आमच्याकडे राहा. मी इथे राहतो."

"तुला जमायचं नाही."

"शिकव."

शनिवार, ७ जून

काल संध्याकाळी बायको ताईला घेऊन गेली. निघताना ताई भाऊजींच्या उशाशी बसली, दार लोटून. काय बोलली ते मला माहीत नाही. मी बाहेर बादल्या भरत होतो, मुद्दाम नळ मोठा सोडून.

मला खरंच जमत नाही. कूस बदलायला एक हात खांद्याखाली आणि एक कमरेखाली घालायचा, हे तिने दोनदा दाखवलं होतं. माझे दोन्ही हात खांद्याखालीच गेले. सकाळी अंघोळीला पाणी कडक झालं, भाऊजींनी हात आखडून घेतला, मी थंड घातलं तर ते फारच गार झालं. चादर ओली, शर्ट ओला, जमीन ओली. दाढी करताना हनुवटीला लागलं. त्यांनी आरशात बघून माझ्याकडे बघितलं, मी माफी मागितली. दर अर्ध्या तासाने मागतोय. शेवटी त्यांनी 'नाही'चं कार्ड उचललं आणि माझ्यासमोर धरलं. पुन्हा तोंड उघडलं तर पुन्हा धरलं. तेव्हा कळलं, ते नाही कशाला आहे. गप्प बसलो आणि चादर बदलली.

जे बोलून झालं ते त्यांच्या मनातून गेलेलं नाही, हे दिसतं. ताईची हाक यावी तसे मधूनच दाराकडे बघतात आणि नजर लगेच काढून घेतात. ती परत आल्यावर या दोघांचं काय होईल, ते मला ठाऊक नाही. माझ्यामुळे जे फुटलं ते मला जोडता येणार नाही, इथे मागचं आभाळ भरता येत नाही.

जेवणाची वेळ टळून गेल्यावर बायकोला फोन केला. पलंगाशेजारीच उभा होतो.

"ताई काय म्हणतेय?"

"काही म्हणत नाहीयेत. झोपल्यात."

"आता? दुपार टळत आलीय."

"कालपासून झोपल्यात. एकदा पाणी प्यायला उठल्या, पुन्हा आडव्या झाल्या. मला भीती वाटली म्हणून जवळ जाऊन श्वास बघून आले. उठवू का?"

"नको, नको, अजिबात नको. झोपू दे तिला," मी म्हणालो, जरा जोरातच.

खालून माझ्या शर्टाला ओढ बसली. भाऊजींनी डाव्या हाताने शर्टाचं टोक धरलं होतं. मी बघितल्यावर त्यांनी ते सोडलं, हात सावकाश वर नेला आणि बोट ओठांवर ठेवलं.

मी आवाज खाली आणला.